एकाच जागेवरून जुळणारं चित्र: आर्किटेक्ट, फोटोग्राफर आणि चित्रकार यांनी मिळून खोलीत कसं साकारावं

खोलीत शिरल्यावर खांबावर एक लाल पट्टा दिसतो, तुळईच्या पोटाला तिरकी चकती, जमिनीवर लांबलचक डाग. कशाचा कशाशी मेळ नाही. मग एका ठरावीक जागी उभं राहून पाहिलं की सगळे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि हवेत टांगल्यासारखं एक सपाट, अखंड वर्तुळ समोर येतं. पाऊलभर बाजूला सरका, पुन्हा सगळं विखुरतं. या प्रकाराला ॲनामॉर्फोसिस म्हणतात.

कल्पना जुनी आहे. हान्स होल्बाइनच्या १५३३ च्या 'द ॲम्बॅसडर्स' या चित्रातली कवटी बाजूने पाहिल्यावरच कवटी दिसते. रोममधल्या सांत इग्नात्सिओ चर्चच्या छतावर आंद्रेआ पोत्झोने १६९४ मध्ये पूर्ण केलेलं चित्र बघायचं तर जमिनीवर बसवलेल्या चकतीवर उभं राहावं लागतं. तिथून कमानदार छत फोडून खांब थेट आकाशात चढल्यासारखे दिसतात. आजच्या काळात फ्रेंच कलाकार जॉर्ज रूस आणि स्विस कलाकार फेलिचे वारिनी यांनी हेच तंत्र खोल्या, कारखाने, रस्ते आणि गढ्यांवर वापरलं आहे.

एकट्याने हे काम करता येतं, पण तिघांनी केलं तर जास्त चांगलं होतं. खोलीची खरी मापं आणि भिंतींचा वाकडेपणा आर्किटेक्टला कळतो, डोळा नेमका कुठे आहे हे फोटोग्राफरला कळतं आणि रंग कुठे सपाट दिसेल, कुठे फुगेल हे चित्रकाराला कळतं. तिघांचं ज्ञान एका बिंदूत, म्हणजे बघणारा डोळा ठेवायच्या नेमक्या जागेत, येऊन मिळतं. तो बिंदू दोन सेंटिमीटर हलला तरी तिघांचीही मेहनत वाया जाते, म्हणून पुढची बहुतेक माहिती त्याच एका बिंदूभोवती फिरते.

पहिला प्रश्न: काम म्हणजे खोली, की फोटो?

पहिल्याच बैठकीत याचं उत्तर कागदावर लिहा. रूस बहुधा ओस पडलेल्या किंवा पाडायला काढलेल्या इमारतींत काम करतो. इमारत जाते आणि फोटो उरतो. वारिनीच्या कामात प्रेक्षक स्वतः फिरतो, तुकडे बघतो, मग बिंदू शोधतो. तंत्र तेच असलं तरी दोन्हींच्या गरजा वेगळ्या.

फोटो हेच अंतिम काम असेल तर बिंदू कुठेही ठेवता येतो, अगदी जमिनीपासून ४० सेंमीवरही. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, उजेड एकदाच साधावा लागतो आणि चौकटीबाहेरच्या भिंतीला हात लावावा लागत नाही. लोक येऊन बघणार असतील तर बिंदूची उंची १५० सेंमीच्या आसपास ठेवा. उंच माणूस वाकू शकतो, बुटका वाढू शकत नाही, त्यामुळे थोडं खालीच बरं. चाकाच्या खुर्चीवरून बघणारे मुख्य प्रेक्षक असतील तर ११५ ते १२० सेंमी. शिवाय लोकांना दोन डोळे असतात आणि त्यामुळे येणारी अडचण खाली सविस्तर सांगितली आहे.

दोन्ही हवं असेल तर खोलीच्या अटी आधी पाळा. खोलीसाठी नीट केलेल्या कामाचा फोटो चांगलाच येतो. उलट फक्त फोटोसाठी केलेलं काम प्रत्यक्ष बघणाऱ्याला बऱ्याचदा निराश करतं.

कशी खोली घ्यावी

रिकामी, चौकोनी, गुळगुळीत खोली या कामाला निरुपयोगी. आकृती तुटायला जागा हवी: खांब, तुळई, कोनाडा, दाराची खोल चौकट, एकातून दुसरीत दिसणारी खोली, दोन-तीन पायऱ्या. बिंदूपासून किमान तीन वेगवेगळ्या अंतरांवर पृष्ठभाग असावेत, उदाहरणार्थ ३, ५ आणि ७ मीटर. खोली निदान आठ-दहा दिवस सलग ताब्यात हवी आणि रात्री पूर्ण अंधार करता आला पाहिजे. चकाकणारी फरशी, ऑइल पेंटची भिंत आणि काच टाळा, कारण परावर्तन आलं की तिथला पृष्ठभाग उघडा पडतो आणि सपाटपणाचा भास मोडतो.

गिलाव्याची तपासणी आर्किटेक्टकडे. बोटाच्या पेराने ठोकत जा; पोकळ आवाज आला तर तिथे टेप चिकटवली की गिलाव्याची खपली निघणार. ओल आलेल्या भिंतीवर रंग फुगतो. चुन्याचा जुना गिलावा किंवा उघडा दगड असेल तर ॲक्रिलिक आणि गोंद दोन्ही लांब ठेवा. वारिनीने २०१८ मध्ये फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटबंदीवर पिवळी वर्तुळं चिकटवली होती. काढताना दगडांवर खुणा राहिल्याच्या तक्रारी झाल्या. वारसा वास्तूत लेखी परवानगी असली तरी आधी कोपऱ्यात हातभर जागेवर चिकटवून, आठवडाभर ठेवून, काढून बघा.

बिंदू हलला तर नेमकं किती बिघडतं

हे गणित तिघांनाही पाठ असावं:

चूक = सरक × (दूरचं अंतर ÷ जवळचं अंतर − १)

समजा आकृतीचा एक भाग २ मीटरवरच्या खांबावर आहे आणि पुढचा भाग ६ मीटरवरच्या भिंतीवर. डोळा ३ सेंमी बाजूला सरकला. ३ × (६ ÷ २ − १) = ६. म्हणजे दूरच्या भिंतीवर रेषा ६ सेंमी तुटलेली दिसणार. खांब ४ मीटरवर असता तर तीच चूक दीड सेंमी झाली असती.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, जवळचा पृष्ठभाग जितका जवळ, तितकं काम नाजूक. दोन, माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे एका डोळ्याला जुळलेलं दुसऱ्याला तुटलेलंच दिसतं. प्रेक्षकांसाठीच्या कामात सर्वात जवळचा रंगवलेला पृष्ठभाग शक्यतो ४ मीटरच्या आत आणू नका. आणलाच तर जमिनीवरच्या खुणेपाशी 'एक डोळा मिटा' असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

कॅमेरा बसवणं

भिंगात समोरून डोकावलं की आत एक काळसर गोल छिद्र दिसतं. ती भिंगाची बाहुली. कॅमेऱ्याचा 'डोळा' तिथे असतो. ट्रायपॉडचा स्क्रू जिथे बसतो तिथे नव्हे. बाहुली स्क्रूच्या बऱ्याच पुढे असते, त्यामुळे ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवला की डोळा कित्येक सेंटिमीटर सरकतो, आणि त्याचा परिणाम वर पाहिलाच.

बाहुली शोधायची रीत सोपी आहे. १ मीटरवर एक उभी काठी, ४ मीटरवर दुसरी, दोन्ही एका रेषेत. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. पुढची काठी मागचीच्या तुलनेत सरकत असेल तर कॅमेरा सरकपट्टीवर मागे घेऊन पुन्हा फिरवा. काठ्या एकमेकींना धरून राहिल्या की बाहुली ट्रायपॉडच्या आसावर आली. भिंगाच्या पुढच्या कडेपासून हे अंतर किती मागे पडतं ते मिलिमीटरमध्ये मोजा आणि भिंगावर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. पुढे प्रोजेक्टर किंवा दोरी याच ठिकाणी आणायची आहे.

भिंग एकाच फोकल लांबीचं घ्या. झूम घेतलं तर कुणीतरी कधीतरी कडं फिरवतंच, आणि झूम बदलला की बाहुलीही सरकते. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर २४ मिमी भिंग आडवं सुमारे ७४ अंश बघतं, २८ मिमी ६५ अंश, ३५ मिमी ५४ अंश. लहान खोलीला २४, मोठ्या सभागृहाला ३५. भिंग बदलल्याने तुकड्यांची जुळणी बदलत नाही, ती फक्त डोळ्याच्या जागेवर अवलंबून असते. बदलते ती चौकट. अनेकांचा इथे गोंधळ होतो. भिंगाची वक्रता सुधारणारी सोय मात्र सुरू ठेवा, नाहीतर पडद्यावर सरळ दिसणारी रेषा भिंतीवर पोट काढून बसते.

कॅमेरा दोन्ही दिशांनी पातळीत ठेवा, वर-खाली झुकवू नका. छत जास्त हवं असेल तर शिफ्ट भिंग (कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारं) वापरा, पण शिफ्ट आधी ठरवून घट्ट करा. भिंग वर सरकलं की बाहुलीही सरकते, त्यामुळे अर्ध्या कामात शिफ्ट बदलायचा नाही.

ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर खुणा करा, मधल्या हुकला पाच किलोचं वाळूचं पोतं लटकवा आणि भोवती दोरी बांधून मीटरभर जागा अडवा. लाकडी जमीन असेल तर माणसाच्या चालण्यानेही कॅमेरा डुलतो; पायांखाली वेगळी फळी टाकून उपयोग होत नाही, त्या पट्ट्यातून चालणंच बंद करा.

आता साक्षी खुणा. जवळच्या खांबावर दोन आणि दूरच्या भिंतीवर चार बारीक फुल्या पेन्सिलीने काढा आणि रिकाम्या खोलीचा फोटो घ्या. रोज सकाळी नवा फोटो त्यावर ठेवून बघा. सगळ्या फुल्या एकाच दिशेने सारख्याच सरकल्या असतील तर कॅमेरा फक्त किंचित फिरला आहे. परत वळवला की झालं. जवळच्या आणि दूरच्या फुल्या वेगवेगळ्या सरकल्या असतील तर कॅमेरा जागेवरून हलला आहे, आणि जुळवल्याशिवाय एकही रेषा पुढे ओढू नका. ६,००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत, २४ मिमी भिंगाने, ६ मीटरवरच्या भिंतीवर एक पिक्सेल म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. इतक्या बारीक हालचालीवरही नजर ठेवता येते.

मोजणी आणि छोटा नमुना

लेझर मापकाने भिंती, खांब, तुळया मोजा आणि जमिनीचे दोन्ही कर्ण घ्या. कर्ण सारखे नसतील तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही. जुन्या इमारतीत ती बहुधा नसतेच. ओळंबा सोडून खांब किती झुकलाय तेही नोंदवा. १:५० चा आराखडा पुरतो.

संगणकावर त्रिमिती मॉडेल करून आकृती बसवता येते आणि आर्किटेक्टला ते सोयीचं वाटतं. तरीही १:२० चा पुठ्ठ्याचा नमुना करावाच असं आमचं ठाम मत आहे. ६ मीटरची खोली ३० सेंमीत येते, पुढच्या पुठ्ठ्याला बिंदूच्या उंचीवर २ ते ३ मिमीचं छिद्र पाडायचं, एकाने छिद्रातून बघायचं आणि दुसऱ्याने रंगीत कागदाचे तुकडे चिकटवायचे. दोन तासांत आकृतीचे चार पर्याय प्रत्यक्ष बघून होतात, आणि बिंदू सोडल्यावर तुकडे कसे विखुरतात हेही कळतं. ते विखुरलेपण चांगलं दिसलं पाहिजे. प्रेक्षक त्याच्या सहवासात जास्त वेळ घालवतो.

आकृती निवडताना साधेपणाकडे झुका. वर्तुळ, चौकट, समांतर पट्टे, एखादं अक्षर: ज्याचा पूर्ण आकार बघणाऱ्याला आधीच माहीत आहे असं काहीही. मन तुटलेला भाग भरून घेतं ते या ओळखीमुळेच. आकृतीने कडा ओलांडल्या पाहिजेत. सगळं वर्तुळ एकाच भिंतीवर मावलं तर ते नुसतं वर्तुळ झालं.

प्रेक्षकांसाठीचं वर्तुळ चौकटीच्या मध्यावर ठेवा. रुंद कोनाच्या फोटोत कडेकडे आकार ताणले जातात. मध्यापासून ३० अंशांवर फोटोत अचूक गोल आखलेलं छोटं वर्तुळ, प्रत्यक्ष त्याच्याकडे वळून बघणाऱ्या डोळ्याला सुमारे १३ टक्के चपटं दिसतं. फोटो बरोबर आणि डोळा नाराज, असा हा प्रकार आहे.

आकृती भिंतीवर उतरवणं

सरळ रेषांसाठी सर्वात अचूक साधन म्हणजे रेषा टाकणारी लेझर लेव्हल. डोळ्याला सरळ दिसणारी कोणतीही रेषा म्हणजे डोळ्यातून जाणारं एक प्रतल. म्हणून बाहुलीच्या जागी ओळंब्याच्या दोऱ्यावर ५ मिमीचा मणी टांगा, दूरच्या भिंतीवर रेषेची दोन टोकं आखा, आणि लेझरचं किरणप्रतल मणी आणि दोन्ही टोकं अशा तिन्हींवर पडेल असं फिरवा. आपोआप पातळी साधणारी सोय बंद करावी लागते. लेझर मण्याच्या जागी असण्याची गरज नाही. ती खोलीत कुठेही ठेवा. तिचं प्रतल मण्यातून गेलं की पुरे. खांबामागे सावली पडली तर लेझर दुसरीकडे नेऊन तेच तीन बिंदू पुन्हा साधा. पट्टे, चौकटी, तारे सगळं यातून होतं.

वर्तुळ आणि वक्र आकारांना प्रोजेक्टर. त्याच्या भिंगाचं तोंड मण्याच्या जागी आणायचं. कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवून चालत नाही. ५ सेंमी बाजूला ठेवला तर वरच्या उदाहरणात १० सेंमीची चूक. कॅमेरा काढावा लागेल, म्हणून मण्याची जागा दोन लेझर रेषांच्या छेदाने किंवा छताच्या हुकवरून कायम राखा. प्रोजेक्टर पातळीत ठेवा, कीस्टोन सुधारणा (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय) पूर्ण बंद. अंतराला चित्राच्या रुंदीने भागून १.२ येणारा नेहमीचा प्रोजेक्टर फक्त ४५ अंश व्यापतो. आकृती मोठी असेल तर कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारा घ्या. ६ मीटर रुंद चित्रात १,९२० पिक्सेल म्हणजे एका पिक्सेलला ३ मिमी, आणि तिरक्या पृष्ठभागावर त्याहून लांब पायऱ्या दिसतात. पायऱ्यांच्या मधून रेषा काढा, पायऱ्या गिरवू नका.

प्रोजेक्टरला ३ आणि ७ मीटर एकाच वेळी स्पष्ट दाखवता येत नाही. आधी दूरचं फोकस करून दूरचं आखा, मग जवळचं. फोकस बदलताना चित्राचा आकारही किंचित बदलतो. भिंतीवर ठेवलेल्या चार खुणा दर वेळी जुळतात का ते बघा, नसतील तर चित्राचं माप टक्क्यांत वाढवून किंवा घटवून जुळवा.

वीज नसलेल्या इमारतीत तिसरी रीत चालते, आणि ती पोत्झोच्या दोरी-जाळीच्या रीतीची नातलग आहे. जाड पुठ्ठ्यात आकृती कापा आणि मण्यापासून बरोबर १ मीटरवर उभी बसवा. ६ मीटरवर २ मीटरचं वर्तुळ हवं तर पुठ्ठ्यात ३३.३ सेंमीचं भोक. मण्याच्या जागी बांधलेला न ताणणारा दोरा पुठ्ठ्याच्या कडेला टेकवत भिंतीपर्यंत न्या आणि टेकेल तिथे खूण करा. पुठ्ठ्यातली १ मिमीची चूक भिंतीवर ६ मिमी होते, म्हणून कापणी धारदार पात्याने. दोऱ्याऐवजी बॅटरीवरचा छोटा दिवाही चालतो, पण ३ मिमीच्या दिव्याची सावली ६ मीटरवर १५ मिमी रुंद धूसर पट्टा टाकते. त्याची मधली रेषा धरा.

कोणतीही रीत असो, खुणा दर १० ते १५ सेंमीवर करा आणि जिथे पृष्ठभाग बदलतो त्या कडेच्या दोन्ही बाजूंना एक-एक हमखास. चुका तिथेच होतात. सपाट भिंतीवर रेषा ५ मिमी चुकली तर कुणाला दिसत नाही, खांबाच्या कडेला २ मिमी तुटली तर सगळ्यांना दिसते.

आखणी झाल्यावर कॅमेरा परत बसवा, लॅपटॉपला जोडा आणि मोठं करून तपासा. एक जण पडद्यावर, दुसरा भिंतीपाशी. डावं-उजवं नेहमी कॅमेऱ्याच्या बाजूने बोलायचं, हे आधीच ठरवा. भिंतीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचं उजवं वेगळं असतं आणि दिवसभरात यावरूनच सर्वाधिक वाद होतात. 'जरासं' हा शब्द वापरू नका. 'कॅमेऱ्याच्या डावीकडे ४ मिमी' असं बोला.

टेप आणि रंग

सहज निघणारी मास्किंग टेप घ्या, सरळ रेषेला २४ मिमी, वळणाला ६ मिमीची लवचीक. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी भिंतीच्याच रंगाचा एक पातळ हात द्या. रंग टेपखाली झिरपायचाच असतो. भिंतीचाच झिरपला तर फट बुजते आणि वरचा लाल किंवा निळा आत जात नाही. रंग बोटाला लागेनासा झाला पण कडक झालेला नाही अशा वेळी टेप ४५ अंशांत मागे ओढत काढा. रात्रभर ठेवली तर कडा चिरफाळतात.

रंगाचं प्रमाण काढताना दिसणारं क्षेत्र धरू नका. नजरेच्या १० अंश तिरकस असलेल्या बाजूच्या भिंतीवर १० सेंमीचा दिसणारा पट्टा प्रत्यक्षात सुमारे ५८ सेंमी रुंद होतो. मॉडेलमधून खरं क्षेत्रफळ काढा. ९ चौरस मीटर भरलं, दोन हात द्यायचे आणि मॅट इमल्शन एका लिटरला साधारण १० चौरस मीटर जातं असं धरलं तर १.८ लिटर, २ लिटर एकदम कालवा. लाल आणि पिवळा कमी झाकतात, त्यांना तिसरा हात धरा. अर्ध्यात पुन्हा कालवलेला रंग कधीच तंतोतंत जुळत नाही. क्रम छत, दूरची भिंत, बाजूच्या भिंती, खांब आणि सगळ्यात शेवटी जमीन.

उजेडावर सगळं तरतं किंवा बुडतं

रेषा मिलिमीटरमध्ये जुळूनही वर्तुळ सपाट वाटत नाही, याचं कारण जवळजवळ नेहमी उजेड असतो. खिडकीसमोरची भिंत उजळ, तुळईचं पोट काळवंडलेलं, खांबाची एक बाजू सावलीत. एकच रंग तीन छटांत दिसतो आणि डोळा लगेच खोली ओळखतो.

रंगवण्याआधी करड्या कार्डाने प्रत्येक पृष्ठभागाचं मोजमाप घ्या, कार्ड त्या पृष्ठभागाला टेकवून. फरक एक तृतीयांश स्टॉपच्या आत असेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तर काही करायला नको. एक स्टॉपपर्यंत असेल तर दिव्यांची जागा बदलून, पांढऱ्या कापडावरून उजेड उसळवून बरोबर करा. त्याहून जास्त असेल तर सावलीतल्या पृष्ठभागासाठी तोच रंग उजळ कालवा. इथे चित्रकाराचा डोळा लागतो: नुसता पांढरा मिसळला तर लालचा गुलाबी होतो, तेव्हा थोडा नारिंगीही लागतो. प्रत्येक पृष्ठभागावर वहीच्या पानाएवढा नमुना लावा, वाळू द्या, आणि कॅमेऱ्यातूनच निवडा. ओला इमल्शन वाळल्यावर गडद होतो.

जमिनीवरचा मोठा लाल भाग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर गुलाबी झाक टाकतो. खोलीत ते सुंदर दिसतं. फोटोत नको असेल तर उजेड वरून कमी आणि समोरून जास्त द्या. फक्त फोटोसाठीच्या कामात खिडकीचा उजेड आणि पिवळे दिवे एकत्र आणू नका, दोघांपैकी एकच निवडा.

फोटो

सगळं सारखं स्पष्ट हवं, कारण दूरची भिंत धूसर झाली तरी खोली उघडी पडते. २४ मिमी भिंग, एफ ११, फोकस १.७५ मीटरवर ठेवला तर सुमारे ९० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. ३५ मिमीला फोकस ३.७ मीटरवर आणि स्पष्टता साधारण १.९ मीटरपासून. एफ २२ वर जाऊ नका, विवर्तनाने सगळंच मऊ पडतं. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि दोन स्टॉप कमी-जास्त असे तीन एक्स्पोजर. भिंगामुळे कडेला येणारा अंधारही घालवा, नाहीतर वर्तुळाच्या कडा बुडतात.

बिंदूवरच्या फोटोसोबत किमान एक फोटो मीटरभर बाजूने घ्या. तो नसेल तर बघणाऱ्याला सगळं संगणकावर केलेलं वाटतं. रंगवण्याआधीची रिकामी चौकटही जपून ठेवा.

नाव कोणाचं

हे रंगाचा डबा उघडण्याआधी ठरवा. अनेक देशांच्या कायद्यात फोटोचा हक्क मुळात शटर दाबणाऱ्याकडे जातो आणि भिंतीवरच्या चित्राचा रंगवणाऱ्याकडे. आराखडा करणारा मधेच राहतो. म्हणून एक पान पुरे: तिघांची नावं कोणत्या क्रमाने, प्रिंट किती आणि कोणत्या मापाच्या, विक्रीची वाटणी, कुणी एकाने नकार दिला तर प्रदर्शन होणार की नाही, आणि मूळ फाइल कुणाकडे. बर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन फोटोग्राफर जोडप्याने पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्यांचे फोटो कुणी काढला हे कधी वेगळं न सांगता जोडीच्या नावानेच दिले; १९९० मध्ये व्हेनिस बिएनालेत त्यांना शिल्पकलेचा गोल्डन लायन मिळाला. इमारती आणि पूल कापडात गुंडाळणाऱ्या क्रिस्तो आणि जान-क्लोद या जोडप्याने मात्र बाहेरची मोठी कामं दोघांची असल्याचं १९९४ मध्ये जाहीर केलं, तोवर अनेक वर्षं ती एकाच्याच नावाने ओळखली जात होती.

कामातले निर्णयही वाटून घ्या. बिंदू आणि चौकट फोटोग्राफर, पृष्ठभाग आणि माप आर्किटेक्ट, रंग आणि कडा चित्रकार. आकृती मात्र तिघांच्या संमतीने.

उतरवताना

लोकांसाठी खुलं ठेवलेलं काम असेल तर ट्रायपॉड हलवण्याआधी मण्याखाली ओळंबा सोडून जमिनीवर खूण पाडा आणि तिच्याशेजारी उंची लिहा. नमुन्याचे रंग, मिश्रणाचं प्रमाण आणि भिंगाची बाहुली कुठे होती ती नोंद एका लिफाफ्यात ठेवा. कुणी भिंत खरवडली तर दुरुस्ती यावरूनच होते. खोली पूर्ववत द्यायची असेल तर गडद रंगावर थेट पांढरा मारू नका. आधी डाग रोखणाऱ्या प्रायमरचा एक हात, मग भिंतीच्या रंगाचे दोन, आणि पट्ट्याच्या कडेला रंगाचा उंचवटा राहिला असेल तर प्रायमरच्या आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. नाहीतर पांढऱ्या भिंतीवरही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, वर्तुळ पुन्हा दिसतं.